नुसती चूळ भरायची

प्रिय थोरल्या,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू बोलायचं आणि मी ऐकायचं, असं आपलं ठरूनच गेलंय. म्हणून लिहायला बसले. माझं अक्षर गिचमिड आहे, शाळेत गेलेच किती. चष्मा लाव आणि वाच.

लेकीचं लग्न ठरलं म्हणून परवा तू होणाऱ्या व्याही-विहिणीला द्राक्षांचा मळा दाखवायला नेलंस आणि घरचे सगळे दिसावेत म्हणून मला आणि तुझ्या लेकालाही गाडीत कोंबलंस. मळा बरा होता. वेली तारेला बांधून ओळीत उभ्या, शिक्षा झालेल्या पोरांसारख्या. पण पुढे त्या थंडगार तळघरात, लाकडी पिंपांमध्ये उभं करून जे दाखवलं, ते आठवलं की अजून घास खाली उतरत नाही. एवढे शिकलेले लोक, अंगावर इस्त्रीचे कपडे, आणि टेबलाच्या मधोमध थुंकायची बादली. पेल्यात नाक खुपसायचं, वाइनचा घोट तोंडात घ्यायचा, गुळणी केल्यासारखा खळखळवायचा आणि सगळ्यांदेखत पचकन बादलीत. वर तो माहिती सांगणारा टायवाला विचारतो, जुन्या चामड्याचा वास येतोय का बघा. तुझे व्याही लगेच मान डोलावतात, हो हो, येतोय. अरे, चामडंच हवं तर घरी बसून चप्पल चघळा. त्यांच्या हनुवटीवर लाळेची तार लोंबत होती आणि ते मला समजावत होते, आजी, ही कला आहे. सोबतच्या चीजला ओल्या मोज्यांचा वास. मी ते रुमालात गुंडाळलं आणि बाहेर येऊन कुंडीत टाकलं.

एवढ्यावर भागलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण तू टिल्लूच्या हातात पेला दिलास. सहा फुटी झाला तरी तुझा लेक माझा टिल्लूच. दारू सोडवायच्या दवाखान्यातून तो घरी आला त्याला वर्ष होत आलं होतं. व्याह्यांना मात्र तू सांगून ठेवलेलं, पोरगा परदेशी कामाला होता. टिल्लूने पोट बरं नाही म्हणून पेला नाकारला. विहीणबाईसुद्धा म्हणाल्या, नको असेल तर राहू दे ना. आणि तू हसऱ्या तोंडाने त्याच्या कानाशी लागलास, अरे घे, प्यायची थोडीच आहे, नुसती चूळ भरायची, थुंकली की संपलं. मी शेजारीच उभी होते. माझे कान अजून शाबूत आहेत.

मग मी त्या कलेकडे पाहिलं नाही, टिल्लूच्या गळ्याकडे पाहत राहिले. पहिला घोट त्याने थुंकला. दुसराही थुंकला, डोळे मिटून, कडू औषध टाकावं तसा. तिसऱ्याला गळ्याची घाटी खाली-वर झाली. तू तेव्हा बाटल्यांच्या खोक्याचा भाव विचारत होतास.

थोड्या वेळाने तो दिसेना. मागच्या बाजूला मोरीत उष्टे पेले धुवायला ठेवले होते, तिथे सापडला. एकेक पेला उचलून तळाशी उरलेलं पीत होता. विहीणबाईंच्या लिपस्टिकचा डाग असलेला, व्याह्यांनी लाळ गाळलेला, आणखी कुणाकुणाचे. लहानपणी माझ्या ताटातला उष्टा घास दिला तर तोंड वाकडं करायचा हा पोरगा. मला बघूनही थांबला नाही. हातातला संपवला आणि मग म्हणाला, आजी, बाबांना सांगू नको. मला तिथेच ओकारी आली. त्याची किळस नाही आली, तुझी आली. बाहेर तू व्याह्यांना सांगत होतास, आमच्याकडे सगळे शौकीन, पण मर्यादेतले.

येताना तो माझी पिशवी उचलायचं निमित्त करून माझ्याच दारात उतरला. तुला वाटलं असेल, आजीकडे लाड करून घेतोय. तो दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होता. आज सकाळी उठला, दाढी केली आणि म्हणाला, मला परत दवाखान्यात सोडून ये, पण या वेळी परदेशी पाठवू नका. म्हणून आम्ही आधी विहीणबाईंना फोन केला. नंबर त्यानेच लावला, बोललाही तोच, मी नुसती शेजारी बसले. दवाखाना, तुझी चूळ, ती मोरी, त्याने काही ठेवलं नाही. त्या काय म्हणाल्या ते मी लिहिणार नाही, त्यांनाच विचार. तुझ्या लेकीलाही मी सांगितलंय. तिचं लग्न मोडलं तर खापर माझ्या डोक्यावर फोड, मी डोकं मागे घेणार नाही. आता आम्ही निघतोय, जाताना हे तुझ्या दाराखालून सरकवीन. रविवारी भेटू देतात, यायचं तर ये. लोकांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत बसू नकोस. सांगून झालंय.

तुझीच, आशीर्वाद तूर्त राखून ठेवलेली,
आई