दुधी काचेच्या चार खिडक्या

१४ नोव्हेंबर
आल्या: खिडक्या, चौकट आणि काचेसकट, नग चार, ४,२००. हमाली १५०. स्क्रू, पुट्टी वगैरे ९०. एकूण ४,४४०.
मिस्त्री मापाच्या करून देणार होते त्याचे सांगितले होते ९,६००. म्हणजे वाचले ५,१६०. हा आकडा लाल शाईने लिहिला आहे. हिशेबाच्या वहीत लाल शाई तोट्याला वापरतात, पण आनंद झाला की मला काळ्या शाईत मावत नाही.
एका दवाखान्याने ऑर्डर दिली आणि ऐनवेळी रद्द केली, त्यातला लॉट. सकाळी जप संपताना म्हटलं, "खिडक्यांचं तेवढं बघ रे बाबा," आणि दुपारी दुकानदाराने गोणपाट बाजूला केलं. देवाने इतकं झटपट काम केल्यावर घासाघीस करणं बरं दिसत नाही. तरी दोनशे कमी करून घेतले.
काच दुधी आहे. उजेड येतो, बाहेरचं दिसत नाही. हे म्हणाले, "मग भिंत काय वाईट होती?" बाहेर आहे काय बघण्यासारखं? समोरचं गॅरेज आणि त्याचं शटर.

१५ नोव्हेंबर
लेकीचं गेल्या महिन्यातलं पत्र पुन्हा वाचलं. "त्या खिडक्या आहेत तोवर मी बाळाला त्या घरात आणणार नाही. बदलल्यास तर १० डिसेंबरला येते, महिनाभर राहते. रजा १५ जानेवारीपर्यंतच आहे." नात आता दोन महिन्यांची झाली. जन्मली तेव्हा दोन दिवस पाहिली, तेवढीच.
एवढं कडक लिहायचं कारण नव्हतं. खिडक्या जुन्या होत्या, हे मी कधी नाकारलं? दर थंडीत फटींत कागद कोंबत होते ते काय हौस म्हणून?
विहीणबाईंकडच्या खिडक्या म्हणे मोटारीच्या दारासारख्या लागतात. लागू देत. आमच्या कशा लागतात ते दहा तारखेला कळेलच.

१६ नोव्हेंबर
माप घेतलं. शिवणाच्या टेपने, पुढच्या खोलीतल्या एका खिडकीचं. लॉटमधली खिडकी तंतोतंत बसते, अर्ध्या बोटाचा फरक. बाकीच्या तिन्हींचं घेतलं नाही. एकाच गवंड्याने एकाच महिन्यात काढलेल्या खिडक्या. एका आईची लेकरं.
हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तुम्ही पाच बहिणी. एकीचं पोलकं दुसरीला होतं का कधी?"
थोरलीचं मला खांद्यात होतं. फक्त खांद्यात.

१८ नोव्हेंबर, सकाळी ९
मिस्त्री आले. म्हणाले, "वहिनी, एक काढू, एक बसवू. मग दुसरी." मी हिशेब मांडून दाखवला. चारही एकदम काढल्या तर काढणं एका सकाळीत होतं, दुसऱ्या दिवसाची मजुरी वाचते. मिस्त्री म्हणाले, "काढणं होतं हो. बसवणं काढण्यावर अवलंबून नसतं." हा माणूस शिकला असता तर वकील झाला असता.
चारही काढल्या. भंगारवाला दारावरूनच जात होता. जुन्या चार चौकटी, ३१०. हे म्हणाले, "अगं, नव्या बसू तरी दे." जुन्या वस्तूंत जीव अडकवू नये, असं मी त्यांना सांगितलं. मेहुणीच्या लग्नातला कोट यांनी अजून ठेवला आहे.

दुपारी ४
पुढच्या खोलीतल्या दोन बसल्या. छान.
स्वयंपाकघरातलं भोक खिडकीपेक्षा चार बोटं मोठं आहे. मिस्त्री फळी ठोकून भागवतील.
आतली खोली, म्हणजे बाळंतिणीची, बाळाची. तिथलं भोक खिडकीपेक्षा दोन बोटं लहान. मिस्त्री म्हणाले, "ही परत द्या, मी मापाची करतो, आठ दिवस लागतील. तोवर जुनीच परत लावू." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी भंगारवाल्याचं सांगितलं.
मिस्त्री खाली बसले. चहा मागितला. दिला. दिवसातला तिसरा. उद्यापासून एकच.

१९ नोव्हेंबर
विचार करून निर्णय घेतला: खिडकी मोठी असेल तर भोक मोठं करावं. नवी खिडकी म्हणजे अडीच हजार. दोन बोटं भिंत म्हणजे एका दिवसाची मजुरी.
मिस्त्री म्हणाले, "भिंत जुनी आहे, वहिनी." मी म्हटलं, "मीसुद्धा जुनी आहे, अजून उभी आहे ना?"
छिन्नीचे तीन घाव झाले. चौथ्याला वरपासून खालपर्यंत सगळा गिलावा एकदम उतरला आणि त्याच्यामागून विटा आल्या, चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या. धूळ बसल्यावर मिस्त्री दिसले. पांढरे. म्हणाले, "ही भिंत त्या खिडकीनेच धरून ठेवली होती."
आता त्या खोलीला खिडकी नाही. दार आहे म्हटलं तरी चालेल. माणूस वाकून आत येऊ शकतो.

२० नोव्हेंबर
मिस्त्रींच्या भाच्याचं लग्न. "परवा येतो." भोकाला दोन चादरी आणि एक पत्रा. पत्रा वाजतो. त्याची लय धरून जप चांगला होतो.

२३ नोव्हेंबर
परवा काल झालं.
घरात सगळ्यावर धूळ. तीनदा पुसलं. देवांनासुद्धा दोनदा स्नान घालावं लागलं. हे शिंकत आहेत. मफलर गुंडाळून पेपर वाचतात आणि पान उलटताना हातमोजा काढतात. मुद्दाम, मला दिसावं म्हणून.
निश्चय: चिडायचं नाही.

२४ नोव्हेंबर
यांच्यावर चिडले.
लेकीला पत्र टाकलं. खोटं एक अक्षर लिहिलं नाही, देव साक्षी आहे. "नवीन खिडक्या घरी आल्या. मिस्त्री येऊन काम करून गेले. जुनी एकही उरली नाही. तुझ्या खोलीत आता भरपूर उजेड येतो." सगळं खरं. हे म्हणाले, "हवेचंही लिहायचं होतंस. ती तर सगळ्यात भरपूर." पत्रात सगळंच लिहायचं म्हटलं तर जास्तीचं तिकीट लागतं.

२९ नोव्हेंबर, सकाळी ११
जावईबापू आले! न कळवता. या भागात काम होतं म्हणाले. कसलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.
माणूस अतिशय सभ्य. पुढच्या खोलीतल्या खिडक्या पाहून "वा" म्हणाले. उघडझाप केली. दुधी काचेकडे बघून म्हणाले, "आई, डॉक्टर आत आहेत असं वाटतं." हे एवढे हसले की मफलर सुटला.
मग म्हणाले, "खोली बघू का?" मी म्हटलं, "आधी चहा." चहा प्यायले. प्रत्येक घोटानंतर कपावर बशी झाकून ठेवत होते. मग खोली बघितली.
चादर बाजूला केली तेव्हा बाहेरून गॅरेजवाला हात वर करून म्हणाला, "या या, कधी आलात?" जावईबापू म्हणाले, "आत्ताच." भिंतीतून. नंतर दोघे मिनिटभर बोलले, पाटावर बसल्यासारखे.
मी सांगितलं की मिस्त्री उद्या येतातच, दहा तारखेला अजून अकरा दिवस आहेत, आणि विटा आधी पडल्या ते बरंच झालं, बाळ असताना पडल्या असत्या तर? ते म्हणाले, "हो, आई." मग तीनदा शिंकले. निघताना वाकून नमस्कार केला तर त्यांच्या गुडघ्यांवर दोन पांढरे गोल. झटकू का विचारलं. "राहू द्या," म्हणाले.
ते गेल्यावर हे म्हणाले, "पंचनामा झाला."

३ डिसेंबर
लेकीचं पत्र. छोटं आहे. उतरवून ठेवते.
"आई, तुझ्या पत्रात एक शब्द खोटा नव्हता, असं तुझे जावई म्हणाले. तेच तर. मला राग नाही. पण मी रात्रभर खोकायचे तेव्हा तू फटीत कागद कोंबून म्हणायचीस, 'झालं बघ, आता कुठून येईल वारा?' आणि तुला खरंच वाटायचं की झालं. मी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. छोटीला पुस्तकावर शिकू दे. रजा इथेच काढते, सासूबाईंकडे. बाबांना सांभाळ. त्यांनाही एक मफलर नवा घेऊन दे."
पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, म्हणजे वाचायला तरी माझ्यामुळे शिकली. दुसऱ्यांदा वाचलं. तिसऱ्यांदा यांनी मोठ्याने वाचलं. मी भाजी निवडत होते. निवडलेली पानं कचऱ्यात टाकली आणि देठं फोडणीला घातली. यांनी मुकाट्याने खाल्ली.

४ डिसेंबर
विहीणबाईंनी भरवलं असणार.

५ डिसेंबर
विहीणबाईंनी भरवलेलं नाही. अक्षर लेकीचं, आणि स्वभाव माझा.
जपाला बसले. काही मागितलं नाही. मागायला तोंड राहिलं नाही असं नाही, पण गेल्या वेळी मागितलं ते त्याने दिलंच होतं. माप मी घेतलं नव्हतं.

८ डिसेंबर
मिस्त्री आले. भाच्याच्या लग्नात पाय मुरगळला म्हणे, म्हणून उशीर. आतल्या खोलीची भिंत नीट बांधा, पक्क्या विटा घ्या, खिडकी मापाची करा, साधी काच, चांगली रबराची पट्टी लावा, असं सांगितलं. किती होतील विचारलं. त्यांनी सांगितलं. मी "बरं" म्हटलं.
मिस्त्री टेप तसाच धरून उभे. म्हणाले, "वहिनी, बरं नाही का?" यांना बाजूला नेऊन विचारलं, "डॉक्टरांना दाखवलंत का?"

१० डिसेंबर
आज येणार होती.
गिलावा ओला आहे. सगळ्या घरात ओल्या सिमेंटचा वास. आली असती तरी त्या खोलीत निजली नसती. हे मी स्वतःला चार वेळा सांगितलं. स्टेशनवरून येणाऱ्या रिक्षा या रस्त्याने फार जातात, हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

१७ डिसेंबर
आतल्या खोलीची खिडकी बसली. मिस्त्रींनी लावून दाखवली. आवाजच आला नाही, म्हणून मला वाटलं लागली नाही. ते म्हणाले, "लागली, वहिनी. चांगली खिडकी सांगत नाही." काडी पेटवून फटीशी धरून पाहिली. ज्योत हलली नाही. चारही बाजूंनी पाहिली. चार काड्या गेल्या.
स्वयंपाकघरातलीही काढून मापाची बसवून घेतली. फळी दिसायला वाईट नव्हती. पण टाकली.
यांनी एकूण बेरीज काढली: मिस्त्रींच्या पहिल्या आकड्यापेक्षा दोन हजार सातशे जास्त. मी म्हटलं, वहीत तुम्हीच लिहा. यांनी काळ्या शाईने लिहिलं. चांगला माणूस आहे. नवा मफलर आणला आहे, पण अजून यांना दाखवलेला नाही. रंग उठून दिसतो.

२१ डिसेंबर
खोली तयार. पलंग, बाळाची गादी, लंगोट वाळत घालायच्या दोरीवर काही नाही. दार लावलं की इतकं शांत वाटतं की आपलंच नाक वाजतं. सकाळपासून हे तीनदा काहीतरी शोधायला आत गेले. काय शोधत होते ते त्यांना सांगता आलं नाही.
लेकीला पत्र लिहिलं. चार कागद फाडले, दोन्ही बाजूंनी कोरे असलेले. जे टाकलं त्याची नक्कल:

"चि. सौ. बाळीस अनेक आशीर्वाद. खिडक्या आता खऱ्याच झाल्या. गेल्या वेळी लिहिलं तेव्हा झाल्या नव्हत्या. झाल्या असं मी लिहिलं नव्हतं, पण झाल्या असं तुला वाटावं असंच लिहिलं होतं. तुझ्या खोलीत भिंतच नव्हती. तू आली नाहीस ते बरं केलंस. हे लिहायला मला अठरा दिवस लागले.
कागद कोंबले की झालं, असं मला खरंच वाटायचं. तुझा खोकला ऐकू यायचा तेव्हा वाटायचं, अजून एक घडी घालावी. नवी खिडकी करावी असं नाही वाटलं. पैसे अगदीच नव्हते असंही नाही. ते वहीत आहे, मी कालच पाहिलं.
आता ये असं म्हणत नाही. एवढ्या लहान जिवाला घेऊन थंडीचा प्रवास, आणि रजा किती उरली ते मला मोजता येतं. पण मीच आले तर? दोन दिवस. बाबा इकडे राहतील, त्यांना येतो चहा करता. विहीणबाईंना विचार. मला पलंग नको, मी कुठेही पडेन. त्यांच्या घरातली कुठलीही वस्तू केवढ्याला घेतली, हे मी विचारणार नाही. छोटीला हात लावण्याआधी तू म्हणशील तितक्या वेळा धुईन.
तिकीट काढलेलं नाही. तू सांगितल्याशिवाय काढणार नाही. मोठं पत्र लिहायला तुला वेळ नसेल, पोस्टकार्डावर नुसतं 'ये' लिहिलंस तरी पुरे. नको असेल तर तेही लिही, मी समजेन. पण उलट टपाली कळव."