बत्तीस ठिपक्यांचं इंजिन

भेस्तान, सुरत
सर्वपित्रीचा आदला दिवस

तीर्थस्वरूप काशिनाथदादांस,

धाकट्या निंबाचा साष्टांग नमस्कार. (खरा साष्टांग घातला तर मला उठवायला मंगलाला आणि शेजारच्या सागरला हाक मारावी लागते, म्हणून सध्या कागदावरचाच गोड मानून घ्या.) आम्ही इकडे खुशाल. तुमची खुशाली रीत म्हणून विचारतो. एरवी आपल्या बायका रोज फोनवर असल्यामुळे तुमचा डावा गुडघा, तुमची साखर आणि परवा इंदुवहिनींच्या नकळत खाल्लेली जिलेबी, सगळं मला ठाऊक आहे. आपण दोघं एकवीस वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही, पण तुमच्या तब्येतीची माझ्याइतकी माहिती तुमच्या डॉक्टरलाही नसेल.

तर हकिकत अशी. ज्या शेठकडे मी तीस वर्षं लूम दुरुस्त केले, त्यांना म्हातारपणी जुन्या मोटारीचा नाद लागलाय. सचिन गावातल्या त्यांच्या कारखान्यामागच्या शेडमध्ये त्यांनी अडतीस सालची एक विलायती मोटार आणून ठेवली आहे. तिचं नाव मला उच्चारता येत नाही आणि शेठनाही येत नाही, म्हणून आम्ही दोघं तिला गुजरातीत आईला म्हणतात तसं ‘बा’ म्हणतो. दिवाळीनंतर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघणार आहे आणि तिच्या अर्जात रकाना आहे, इंजिन मूळचं कुठलं? मुंबईहून एक जाणकार आला. त्याने दोन तास भिंग लावून पाहिलं, नंबर घासलेला आहे, हे इंजिन या गाडीचं नव्हे, एवढं सांगितलं आणि दोन प्लेट लोचो खाऊन गेला. शेठचा चेहरा उतरला. त्यांनी मला बोलावून विचारलं, “निंबाभाई, आ एन्जिन क्यांनुं छे?”

दादा, मी जन्मात मोटारीचं इंजिन खोललेलं नाही. पण ज्यांनी तीस वर्षं आपल्याला फिटर म्हणून मान दिला, त्यांना नाही कसं म्हणायचं? पहिल्या दिवशी मी सगळीकडून वास घेतला. दुसऱ्या दिवशी ते जर्मन आहे असं सांगितलं. तिसऱ्या दिवशी एक नट हाताला वेगळा लागला म्हणून ते जपानी केलं. (शेठनी दोन्ही वेळा चहा पाजला. भला माणूस.) चौथ्या दिवशी काही सुचेना, तेव्हा रॉकेलचा बोळा घेऊन घासत बसलो. रंग निघाला आणि खाली इंजिनाचा बोल्ट बसवायचा तुटलेला कान दिसला, पितळ भरून जोडलेला.

तो कान तुम्ही विसरला नसाल. अण्णांनी लष्करी ट्रकचं ते इंजिन लिलावात घेऊन त्यावर पिठाची गिरणी चालवली. मी नऊ वर्षांचा असताना माझ्या हातून त्यावर घण पडला आणि कान तुटला. अण्णांनी “कोणी तोडला?” विचारल्यावर तुम्ही पुढे झालात आणि माझ्या वाटणीचा मार खाल्लात. पुढे त्यांनीच पितळ ओतून तो जोडला.

तरी मनाची खात्री होईना, म्हणून बाजूला घासलं. तिथे ठिपके निघाले. तुमच्या जन्माच्या साली गिरणी सुरू झाली, म्हणून दर खंडेनवमीला हळदकुंकू वाहिल्यावर अण्णा त्यावर लोखंडी पंच ठोकून एक ठिपका मारायचे आणि पाहुण्यांना सांगायचे, आमना काशिनाथनं वय इंजिनले इचारा. मी ते ठिपके चार वेळा मोजले. बत्तीसच भरले.

दादा, तुम्ही बत्तीस वर्षांचे होतात ते साल म्हणजे मी भेस्तानला ही खोली घेतली ते. अण्णांनी कपाशी चांगली झाली असं सांगून हातभार लावला होता. गिरणीवर विजेची मोटर आलेली होती आणि इंजिन ताडपत्रीखाली झाकलेलं होतं. पुढची बारा वर्षं अण्णा त्या ताडपत्रीवरच झेंडू वाहत राहिले. ते गेल्यावर तेराव्याला मी ती उचलली, तर खाली गिरणीचा फुटका दगड. आणि मी भरल्या पंगतीत तुम्हाला म्हणालो की, बापाचं इंजिन भंगारात घातलंत. तुम्ही ताटावरून उठलात, पण एक शब्द बोलला नाहीत.

घरी येऊन हे मंगलाला सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, “तुम्हले लोखंड वळखता येस, सख्खा भाऊ वळखता उना नही.” मी त्या दिवशी जेवलो नाही. (दुपारी. संध्याकाळी जेवलो.)

अर्जात मी लिहिलं, जन्म विलायत, संगोपन तालुका अमळनेर. शेठनी तीनदा वाचून विचारलं, “आ अमळनेर इंग्लंडमां क्यां आव्युं?” मी म्हटलं, उत्तरेला.

वहिनींना नमस्कार. जिलेबीबद्दल मी कुठेही बोललेलो नाही.

तुमचा,
निंबा

ता. क. पोळ्याच्या दिवशी तुम्हाला तीन मिस कॉल आले असतील, ते माझेच. तुम्ही “हॅलो” म्हणाल या भीतीने कापले.

ता. क. २. ते इंजिन उचलायला चार माणसं लागतात. म्हणजे अण्णांनी विकलं तेव्हा तुम्ही तिथे होतात आणि कशासाठी विकलं हेही तुम्हाला ठाऊक होतं. कळलं तर मी खोली विकून पैसे परत करीन म्हणून गप्प राहिलात ना? मी चुकलो, दादा. आणि दोन्ही वेळा मार तुम्हीच खाल्लात.

ता. क. ३. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. खंडेनवमीला इकडे या आणि अण्णांचा पंच आठवणीने आणा. तुमचं वय आता पासष्ट, म्हणजे तेहतीस ठिपके मारायचे राहिलेत. हातोडी इथे आहे. शेठना अजून विचारलेलं नाही.