धुऱ्यावर कुणी कुणाला मागे टाकत नाही

प्रिय धावपटू ताई,

तुम्ही गेल्याचं आज शाळेत आलेल्या नागपूरच्या पेपरात वाचलं. चारच ओळी. आफ्रिकेतल्या तुमच्या देशाकडून ऑलिंपिकमध्ये धावलेली पहिली स्त्री, एवढंच. आता हे पत्र पोचायची सोय नाही. तरी लिहिते आहे, कारण उद्या सकाळी माझ्या वर्गातल्या एका मुलीची धावण्याची निवड आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही.

लहानपणी चिखल्याच्या खाणीच्या वसाहतीत, वाचनालयातल्या मासिकात तुमचा फोटो पाहिला. आईला दाखवला तर म्हणाली, "कोनाच्या घरी आग लागली, एवढी पळून राहिली हे?" तेव्हापासून तुमच्या बातम्या शोधत राहिले. पहिल्या खेपेला तुम्ही पहिल्याच फेरीत बाद झालात. मग बाळंतपण, मग लोकांनी तुम्हाला विसरणं. आणि तुम्ही पुन्हा उतरलात, थेट अंतिम फेरीपर्यंत! पदक नाही मिळालं. मला अजून वाईट वाटतं. तुम्हाला वाटायचं का?

मी बी.ए. झाले, घरातली पहिली. आता करडीला शिकवते. सातवीतली कुंदा शेतावर भाकर घेऊन जाते, धानाच्या चिखलभरल्या बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून, पाऊलभर रुंदीच्या बांधावरून, अशी पळते की डब्यातली कढी हिंदकळत नाही. पण आजच्या चाचणीत ती पुढच्या मुलीच्या पाठीला लागून धावली आणि तशीच दुसरी आली. दमही लागला नव्हता तिला.

मुख्याध्यापक म्हणाले, "पोरीत जिद्दच नाही, बाई. जिल्ह्याले एकच पाठवायची आहे."

मी कुंदाला रागावले. ती म्हणाली, "ते पुढं होती ना, बाई. धुऱ्यावर कोनी कोनाले मांगं टाकते काय? चिखलात पडन ना ते."

"अगं, हे मैदान आहे."

"मंग बाजूनं जायाचं, हे पयले काहून नाही सांगतलं?"

तुमच्यापुढे तर तुमच्या देशाची एकही बाई धावत नव्हती. मग पुढच्यांना ओलांडून जायचं तुम्हाला कुणी शिकवलं? मुलाखतींत बूट आले, वेळा आल्या, विक्रम आले. हे मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आज तुमचा रागच आला.

मुख्याध्यापकांशी भांडून उद्याची एक फेरी मिळवली आहे. तुम्हाला वचन देते, त्याआधी, उजाडताच, पदर खोचून मी स्वतः कुंदाच्या पुढे धावेन. गाव हसेल, हसू दे. तिचे पाय मागे वाजले की मला बाजूला व्हावंसं वाटेल. मी होणार नाही. वाट तिलाच काढू देईन.

तुमची,
मालती
करडी