नुसती नावं

धाराशिव,
१२ एप्रिल २०२५

तीर्थरूप बापूंना,
अर्पिताचा नमस्कार. पुढचं वाचून तुम्हाला राग येईल, म्हणून नमस्कार मनापासून केलाय हे आधीच सांगून ठेवते.

इथं ऊन मी म्हणतंय. दुकानातला कूलर नुसता आवाज करतो. लग्नसराई असल्यानं आमंत्रणाच्या व्हिडिओंचं काम इतकं आलंय की जेवायलाही खुर्ची सोडवत नाही. काकूचे गुडघे कसे आहेत? रणधीरदादाच्या लग्नाचा मांडव जळकोटातच सांगितला का?

फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. दादाच्या लग्नाचा व्हिडिओ मीच करतेय, त्यावरून परवा तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईचं नाव काढ. शुभकार्यात गं. भा. चांगलं दिसत न्हाय. एक बटण तर दाबायचंय तुला."

बटण एकच आहे, खरंय. आमच्या कामात प्रत्येक नाव, फूल, देवीचा फोटो वेगळ्या थरावर असतो. त्याला लेअर म्हणतात. प्रत्येक लेअरपुढं एक डोळा असतो. तो मिटला की लेअर दिसत नाही, पण जातही नाही. फायलीत तशीच बसून राहते. ज्या लेअर एकदम हलवायच्या, त्यांचा मिळून ग्रुप करतात. त्या ग्रुपलाही डोळा असतो.

मी आईला फोन केला. ती म्हणाली, "काढ बाई. माझ्यामुळं लेकराच्या लग्नात विघ्न नको." बाबा गेल्यावर जिनं एकटीनं रान कसलं, दादाला शिकवलं, तिच्या तोंडात हा 'विघ्न' शब्द कुणी घातला ते मला माहीत आहे.

तरी मी डोळा मिटला. व्हिडिओ लावून पाहिला, तर नवरीचं नाव झुलत आलं आणि शेजारची जागा कोरी. दादाच गायब. आई आणि दादाचं नाव एकदम पुढं यावं म्हणून मी दोघांचा ग्रुप केला होता, आणि घाईत त्याच ग्रुपचा डोळा मिटला गेला. आधी हसू आलं, मग रडू. आईला झाकायला गेले तर नवरदेवच उरेना.

डोळा परत उघडला. आईची एकटीची लेअर बंद करता आली असती. तेवढं येतं मला. केली नाही.

केलं ते वेगळंच. सगळ्या बायकांच्या नावाआधीचं 'सौ.' आणि 'गं. भा.' मी एकाच ग्रुपमध्ये ठेवते, चकाकी एकदम देता यावी म्हणून. त्या ग्रुपचा डोळा मिटला. आता काकू नुसती सुमन आणि आई नुसती शालन. कोण सवाष्ण, कोण नाही, ते पाहुण्यांनी हुडकत बसावं. निमंत्रकांत पहिलं नाव आईचं आहे, कारण लग्न तिच्या लेकाचं आहे.

दादाला दाखवला. तो "पाठव" म्हणाला. आज सकाळी व्हिडिओ सगळ्या भावकीला गेला. तुमच्याही मोबाइलवर आलाय. उघडला नसेल तर आता उघडा.

काकूनं उघडला. दुपारी तिचा फोन आला तेव्हा वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती हळूच म्हणाली, "माझं नाव लई मोठं दिसतंय गं." 'सौ.'ची जागा रिकामी झाली म्हणून मी अक्षरं मोठी केली होती, पण तिला ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दुकानातून बदलून घ्यायचं म्हणाल, तर त्यांना माझी मूळ फाईल लागेल. ती मी देणार नाही. आणि दादाला पहिली हळद आईच लावणार आहे. तुम्ही थोरले, मांडवातला तुमचा मान कुणी काढून घेत नाही. पण तिला बाजूला हो म्हणायचं असेल, तर आधी मला बाजूला करावं लागेल.

काकूला नमस्कार सांगा.

तुमचीच पुतणी,
अर्पिता
(आधीचं 'कु.' पण काढलंय.)