खळीच्या दोऱ्या

दि. ४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव. कानांचं औषध नियमित घालतेस की बाटली नुसती फळीवर शोभेला ठेवली आहेस, तेही खरं खरं कळव. फोनवर तुला माझं ऐकू येत नाही आणि मला ओरडायची लाज वाटते, तेव्हा आपलं हे पत्रच बरं.

मागे लिहिलं होतं ते छत एकदाचं झालं बाई. चित्रकलेच्या बाईंनी शाळेतून निवृत्त झाल्यावर हे खूळ काढलं आणि आम्ही दहा-पंधरा बायाबापड्या त्यात ओढल्या गेलो. घराघरातून टाकाऊ वस्तू गोळा करायच्या आणि वाचनालयाच्या बालदालनात मुलांच्या डोक्यावर एक रंगीत छत टांगायचं. बरण्यांची झाकणं, वाकडे चमचे, किल्ल्या, टवका उडालेले कप, कोणाच्या तरी आजोबांचा दाढीचा मग, काय काय म्हणून सांगू! सायकलींच्या रिंगा एकमेकींना बांधून सांगाडा केला आणि त्यावर हे सगळं ओवलं. बाईंचा नियम एकच, बाजारातून एक खिळासुद्धा आणायचा नाही. यांनी आपली उरलेली तार देऊ केली होती, पण बाई म्हणाल्या की तार डोळ्यांना टोचते. मग जुन्या चादरींच्या पट्ट्या फाडून आम्ही दोऱ्या वळल्या. सगळं छत त्या दोऱ्यांवर आहे.

आता हसू नकोस. ते वर चढलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी मात्र भिंतीला चिकटून उभी राहिले. चार माणसांना उचलताना घाम फुटला होता, एवढं त्याचं वजन. खाली पोरं मांडी घालून गोष्ट ऐकतात. आमची नात तर बरोबर मधोमध बसते, कारण तिथून वर बघितलं की तिला दाढीचा मग दिसतो. मी यांना म्हटलं की हूक निघाला तर? वारा आला तर? यांनी जन्मभर वायरमनची कामं केली, हूक यांनीच बसवलेत. ते म्हणाले की त्याला हत्ती टांगला तरी हूक हलणार नाही, आणि मग सगळ्यांसमोर भित्री भागूबाई म्हणून माझी ओळख करून दिली. बाईसुद्धा हसल्या.

मला झोप लागत नाही गं. डोळे मिटले की ती पोरगी मधोमध बसलेली दिसते. तूच काहीतरी सांग.

बाकी ठीक. तब्येतीला जप. लोभ आहे तसाच ठेव, थोडी कीवही येऊ दे.
तुझी,
ताई

दि. १२ मार्च

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आणि शेजारची शिंपीणबाई पोट धरधरून हसलो. मी मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे माझ्या मते हळू, पण ती म्हणाली की चौकापर्यंत गेलं असेल. तीस वर्षं कापडगिरणीत मागाशेजारी उभी राहिल्यावर दुसरं काय होणार! कानांचं औषध घालते आहे. खोटं वाटत असेल तर बाटली पाठवते.

ताई, तू जत्रेतल्या पाळण्याला भ्यायचीस, विहिरीला भ्यायचीस, लग्नात अंतरपाटाला भ्यायचीस. कुलूप लावून पुन्हा मागे फिरणारी तू. ज्या हुकाला भाऊजींनी हात लावला तो निघणार नाही, एवढं मी त्यांची मेहुणी असून सांगते. त्या माणसात एक हजार खोड्या आहेत, पण काम पक्कं.

तुझ्यावर एकच उपाय आहे आणि तो मी गिरणीत नव्या पोरींवर करायचे. मागाला घाबरणाऱ्या पोरीला मी मागाच्याच शेजारी उभी करायचे आणि भीती वाटली तरी जागचं हलायचं नाही म्हणून बजावायचे. आठवड्यात ती गाणी म्हणायला लागायची. तूही तेच कर. रोज नातीला घेऊन त्या छताच्या बरोबर खाली जाऊन बस. छातीत धडधडलं तरी उठायचं नाही. पोरीलाही तेच शिकव, नाहीतर तुझा हा रोग तिला लागेल. आपल्या घराण्यात एक भागूबाई पुरे झाली.

बसलीस की कळव. नाही बसलीस तर मी तुला ताई म्हणणार नाही, नुसती भागू म्हणेन.

भाऊजींना नमस्कार, छोटीला पापा. माझ्यावर लोभ असावा, रागही चालेल.
तुझी,
धाकटी

दि. २६ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बसले! अगं, खरंच बसले. पहिल्या दिवशी पोरीचा हात इतका घट्ट धरला की ती ओरडली. दुसऱ्या दिवशी डोळे मिटून बसले. मग हळूहळू वर बघायला लागले आणि काय सांगू, सकाळचं ऊन खिडकीतून आलं की त्या झाकणांचे तांबडे-निळे ठिपके पोरांच्या अंगावर पडतात. एवढी सुंदर वस्तू माझ्या हातून झाली आणि मी तिच्याकडे धड बघितलंही नव्हतं. काल वाचनालयात जाताना मी गुणगुणत होते म्हणे. हे शेजाऱ्यांना सांगत सुटलेत.

पोरीलाही तुझा धडा दिला. भीती वाटली की हलायचं नाही, हे ती आता मलाच दरडावून सांगते.

एक गोष्ट तुला मुद्दाम लिहायची राहिली होती, तेव्हा भीतीपुढे सुचलीच नाही. त्या दोऱ्या आहेत ना, त्या पहिल्यांदा वजनाने लांबत होत्या. छत एका बाजूला कलायचं. कोणाला काही सुचेना. मी म्हटलं, आपण त्यांना खळ देऊ. घरी चांगली घट्ट मैद्याची खळ शिजवली, दोऱ्या तीन वेळा बुडवून वाळवल्या. काठीसारख्या कडक झाल्या! बाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. आयुष्यात कोणी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या असतील तर त्या दिवशी.

वाचनालयातली मंडळीही खूश आहेत. ग्रंथपाल सांगत होते की इथे उंदरांचा फार त्रास, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना तोंड लावतात, पण या महिन्यात एकाही पुस्तकाला धक्का नाही. छताचा पायगुण म्हणतात. झाडूवाल्या मावशी मात्र कुरकुरतात. रोज सकाळी जमिनीवर पिंजलेल्या कापसासारखा कचरा पडलेला असतो. मी म्हटलं, जुन्या चादरी आहेत, थोडं सूत गळणारच. एका बाजूने छत बोटभर खाली आलंय असं मला वाटलं होतं, पण यावेळी मी कोणाला बोलले नाही. भागूबाई गेली, बघ.

तुझे उपकार कसे फेडू? लोभ वाढता ठेव आणि मला पुन्हा ताई म्हण.
तुझी,
ताई

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

हे पत्र हातात पडताच ऊठ आणि जा. पुढचं नंतर वाच. ते छत उतरवा. कोणालाही त्याखाली बसू देऊ नकोस, छोटीला तर मुळीच नाही.

ताई, उंदीर पुस्तकं सोडून गेले नाहीत. ते वर गेलेत. गिरणीत ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, सुताला खळ देतात आणि त्या सुताची राखण करावी लागते, कारण उंदरांना कापडाचं काही नसतं, त्यांना खळीतलं पीठ हवं असतं. मी स्वतः पाहिलंय, वरून धड दिसणारं सूत हाताला लागताच तुटतं. आतून पोखरलेलं असतं. पुस्तकांच्या पुठ्ठ्यालाही ते खळीसाठीच तोंड लावतात. तू त्यांना छतावर ताट वाढून ठेवलंस गं, आणि मी तुला त्याखाली बसवलं.

तो कचरा सूत गळून पडलेला नाही. बोटभर खाली आलंय ते तुला वाटलेलं नाही, ते आलंच आहे. तुझे डोळे बरोबर होते. तू नेहमी बघतेस आणि आम्ही हसतो.

पत्र पोचायला वेळ लागेल म्हणून शिंपीणबाईला आत्ता तुमच्याकडे फोन करायला लावला. भाऊजींनी घेतला. तिने सगळं सांगितलं, उंदीर, खळ, छोटीला बसवू नका, सगळं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ते हो हो म्हणाले असं ती सांगते. पण ते हसत होते असंही सांगते, आणि तेव्हापासून मी तिला फोनपासून हलू दिलेलं नाही. पुन्हा फोन केला तर कोणी उचलला नाही, आता तर तो लागतच नाही.

त्यांनी तुला सांगितलं असेल. सांगितलं असेलच ना? काय झालं ते लगेच कळव. दोन ओळी पुरेत. नुसतं उतरवलं एवढं लिही.
तुझी,
धाकटी

दि. ९ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरली असशील. छोटी ठीक आहे, हे आधी लिहितो. तिच्या ओठाला थोडं लागलं, बाकी काही नाही. तुझी ताई रुग्णालयात आहे.

शिंपीणबाईंचा निरोप मला मिळाला होता. मी तिला सांगितला नाही. हूक माझे होते, हे एक. आणि दुसरं म्हणजे, इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा गुणगुणत घराबाहेर पडत होती. तिला पुन्हा भीती कशाला घालायची, असं वाटलं. वाटलं की तू चेष्टाच करत असशील. आता कितीही सांगितलं तरी ते सांगणं माझ्याच कानांना खरं वाटत नाही.

तुझं पत्र आलं ते तिने दारातच फोडलं. छोटी घरी नव्हती, तासाभरापूर्वी मीच तिला गोष्टीच्या तासाला सोडून आलो होतो. तुझ्या ताईने पायात चप्पल घातली नाही. रस्ता ओलांडायला पाच मिनिटं उभी राहणारी ही बाई, गाड्यांमधून धावत गेली. मी मागून ओरडत होतो.

तिथे गेल्यावर तिने उंदरांचं नाव काढलं नाही. उंदरांसाठी कोणी उठणार नाही, हे तिला बरोबर कळलं असावं. तिने आग लागली म्हणून बोंब मारली. पोरं दारं-खिडक्यांतून बाहेर आली, ग्रंथपालही आले. सगळी आली, फक्त आपली आली नाही. ती मधोमध बसून राहिली. घाबरली होती, पांढरीफटक पडली होती, पण हलेना. आजीने सांगितलंय म्हणाली, भीती वाटली की हलायचं नाही.

मी दारात पोचलो तेव्हा तुझी ताई तिच्याकडे जात होती. आधी एक दोरी तुटली. तिचा आवाजसुद्धा झाला नाही. मग सगळं एकदम आलं. हिने पोरीला पोटाखाली घेतलं. मी दारात होतो, धाकटे. मी नुसता दारात उभा होतो.

खांदा मोडला आहे आणि बरगडी आत फुप्फुसाला लागली आहे. शस्त्रक्रिया झाली. धोका टळला असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. मधून मधून शुद्धीवर येते आणि पोरं निघाली का, एवढंच विचारते. मी हो म्हणतो. मग पुन्हा विचारते. चित्रकलेच्या बाई बाहेरच्या बाकावर बसून असतात, घरी जा म्हटलं तरी जात नाहीत.

हे शिंपीणबाईंच्या तोंडून तुला कळावं असं मला वाटेना, म्हणून लिहिलं. तुला माझा राग येईल. यावाच.
तुझा,
भाऊजी

दि. १५ एप्रिल

ती. सौ. ताईस,
साष्टांग नमस्कार.

भाऊजींचं पत्र आज आलं. मी उद्या सकाळच्या गाडीने निघते. शिंपीणबाईने पिशवी भरून दिली, मला काही सुचत नव्हतं. हे पत्र टपालात टाकणार नाही. मध्ये इतके दिवस जाऊ द्यायची हिंमत आता माझ्यात नाही. बरोबर घेऊन येते आणि तुझ्यापाशी बसून वाचते.

भाऊजींवर रागवायला मला तोंड नाही. त्यांनी निरोप सांगितला नाही, पण त्या पोरीला हलायचं नाही हे मी शिकवलं. तुझ्या हातून शिकवलं. तिथे माझीच बोटं तिला जमिनीला धरून बसली होती असं मला सारखं वाटतं. कशाला भ्यायचं नाही म्हणून मी मिरवले, कारण माझ्या वाटचं सगळं तू भिऊन ठेवायचीस. पाळण्यात मी बसायचे आणि खाली तू हात पसरून उभी असायचीस. मला वाटायचं तू घाबरतेस. तू मला झेलायला उभी असायचीस गं.

आता मला भीती वाटते ताई. गाडी चुकेल याची वाटते, गाडी पोचेल याचीही वाटते. दार उघडून भाऊजी काय सांगतील याची वाटते. तू एवढी वर्षं हे घेऊन स्वयंपाक कसा केलास, नातीच्या वेण्या कशा घातल्यास?

एरवी इथे लोभ असावा म्हणून लिहिते. आज तेवढ्याने भागत नाही. तू असावीस, हीच विनंती.
तुझी,
धाकटी