पऱ्हाट्यांचा मोक्ष

१० फेब्रुवारी १९९१, दोंडाईचा
आखातात युद्ध, इथे रॉकेलला रांग. लुनाला पेट्रोल नाही. मी वार्ताहर, पायी हिंडतो. पोहोचेपर्यंत बातमी शिळी. उपाय एका मासिकात सापडला: पऱ्हाट्यांपासून, म्हणजे कापसाच्या वाळक्या काठ्यांपासून, अल्कोहोल. काठीत साखर असते, पण कोशात कोंडलेली. बारीक तुकडे करून चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कोश सैल होतो. म्हणजे पऱ्हाटीला मोक्षच! परसात अख्खी रास टाकाऊ पडली आहे.

१२ फेब्रुवारी
आक्का ती रास टाकाऊ मानत नाही. आक्का म्हणजे भिकुबाई, माझी थोरली विधवा बहीण. याच सरपणावर ती बाजारातल्या मुनीमांचे डबे रांधते. म्हणाली, "मंग पावसायामा चुल्हा काय तुन्या पोथ्यास्वर पेटाडू?" मी सांगितलं, पावसाळ्यात तू अल्कोहोलच्या स्टोव्हवर रांधशील. हसली. संमती समजलो.

२१ फेब्रुवारी
दरवर्षी पऱ्हाट्या आणून टाकणाऱ्या लोटनच्या कडबाकुट्टीचं पातं तुटलं. लोटन म्हणतो, भाऊ, हाऊ कडबा नही, लाकूड शे. दृष्टी संकुचित. उरलेलं कुऱ्हाडीनं तोडायचं.

१७ मार्च
सगळी रास परसातल्या पाण्याच्या टाक्यात. चुना अंदाजानं, सढळ हातानं. पुढे आम्लाची पायरी लिहिली आहे. पाश्चात्त्यांना पायऱ्या वाढवण्याचा सोस. गाळली.

२ मे
बेकरीतलं यीस्ट घातलं. बुडबुडा दिसत नाही, सूक्ष्म असावेत. शेजारच्या सुनंदाबाईंनी विचारलं, टाक्यात काय मेलं?

२८ जून
पाऊस. रॉकेल अजून नाही. टाक्यातले तुकडे बाहेर काढले, पण वाळत नाहीत, पेटत नाहीत. वर पांढरी बुरशी. म्हणजे कोश सैल होतो आहे! आक्का पहाटे रेल्वेच्या भरावावर बाभळीच्या काटक्या वेचायला जाते. चालणं तब्येतीला चांगलं, असं मी म्हटलं. तिनं पदर खोचला आणि गेली.

९ जुलै
आक्का भरावावरून घसरली. खुबा मोडला. धुळ्याला आणलं आहे. डॉक्टर रागावले: या वयात, भर पावसात, तिथे कशाला गेल्या होत्या? मी म्हटलं, सवय आहे तिला. आक्का छताकडे बघत होती.

३ ऑगस्ट
घरी आणलं. आता खाटेवरच, म्हणतात. मुनीमांनी डबे शेवंताबाईंकडे लावले. रतिलाल मुनीम भेटायला आले, आक्काला नमस्कार केला आणि जाताना मला म्हणाले, "काय वार्ताहर, दारू उतरली का?" पुढच्या खेपेस चुना कमी.

१६ फेब्रुवारी १९९२
लोटन नव्या पऱ्हाट्यांची गाडी घेऊन आला. दारातूनच ओरडला, "आक्का, कोठे टाकू?" आक्कानं भिंतीकडे तोंड केलं. म्हणाली, "त्याले इचार."
चुलीजवळ टाक, मी म्हटलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
फुंकून फुंकून डोळे गेले. पऱ्हाटी मात्र छान पेटते. भाकरी एका बाजूनं कच्ची, दुसरीनं कोळसा. ताट खाटेवर नेऊन दिलं. आक्कानं उलटीपालटी करून पाहिली. म्हणाली, ही मुनीमांनी परत धाडली असती.
मग सगळी खाल्ली.