माझ्या पश्चात कल्याणी

मी, खाली सही करणारा चांगदेव गेणू भालेराव, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा शिवणकाम, राहणार खोडद, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दाबाखाली न येता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. याआधी मी असा कागद कधी केलेला नाही. पुढच्या महिन्यात पुण्याला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. मी घाबरलेलो नाही. पण गिऱ्हाइकाच्या हातात कपडा देण्याआधी मी त्याचे लोंबते दोरे तोडतो, ती सवय जुनी आहे.

माझे शिक्षण गावच्या शाळेत दहावीपर्यंत. मजकूर वकीलसाहेबांनी वाचून दिला आहे. त्यांनी खोडायला सांगितलेल्या ओळींपैकी काही मी राहू दिल्या आहेत.

१. माझी पत्नी यशोधरा हिचा तीन वर्षांपूर्वी काविळीने मृत्यू झाला. आम्हाला एकच अपत्य, मुलगी कल्याणी, वय वर्षे तेरा. तिला ऑटिझम आहे. सरकारी कागदावर ‘स्वमग्न’ असे लिहितात. मला तो शब्द पटत नाही. ती स्वतःत मग्न नसते. तिला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येते, जास्त टोचते, जास्त दिसते, आणि ते सगळे एकदम येते.

२. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, पुढचे दुकान आणि मागचे अंगण, तसेच बँकेतील आणि विम्याची सर्व रक्कम मी कल्याणीच्या नावे करतो. ती सज्ञान होईपर्यंत तिच्या पालकाने हे सांभाळावे, पण विकू नये, गहाण ठेवू नये. खर्च तिचे जेवण, शाळा, औषधपाणी आणि गुरुवारची नारायणगावची थेरपी यांवरच व्हावा. यावर लक्ष ठेवण्याचे काम गावच्या शाळेतील राजरत्न खरात गुरुजींनी मान्य केले आहे.

मागच्या खोलीतील ट्यूबलाइट काढून मी पिवळा दिवा लावला आहे. ट्यूब गुणगुणते. आपल्याला ऐकू येत नाही, तिला येते. ती परत लावू नये.

३. माझी मोठी शिलाई मशीन, कात्री आणि टेबल संस्कृती हिला द्यावे. ती आमच्या शेजारच्या ठकूबाईंची सून असून माझ्याकडेच शिवण शिकली आहे. अट एकच. वर्षातून चार झगे कल्याणीला शिवून द्यावेत. कागदी माप खुंटीला टांगले आहे, ते दर वर्षी वाढवावे. कापड धुतलेले सुती, गळ्यापाशी लेबल नाही, कमरेला इलॅस्टिक नाही, आणि शिवण बाहेरच्या बाजूला. आतली शिवण तिच्या अंगाला काट्यासारखी लागते. हे कळायला मला, टेलर असून, चार वर्षे लागली. ती कपडे फाडायची आणि मी पुन्हा पुन्हा तसेच शिवायचो.

चहाची टपरी चालवणारा कुंडलिक तिला पहिल्यांदा त्या झग्यात पाहून म्हणाला होता, “काय टेलर, लेकीला झगा उलटा घातला का काय?” मी म्हणालो, “सरळच हाये. तू उलटा बघतोय.” पुढे वर्षभर तो गिऱ्हाइकांना हेच सांगून हसवत राहिला. तरीसुद्धा दुकानातील लाकडी स्टूल कुंडलिकला द्यावे. वीस वर्षे त्यावर बसून त्याने गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या आहेत. माझे त्यावर बसणे कधी झाले नाही.

४. यशोधराने शिवलेली सात थरांची वाकळ कल्याणीची आहे. वैशाखातही ती तिच्याखालीच झोपते. लोकांना वाटते, उकडत असेल. थेरपीच्या मॅडम म्हणाल्या की शहरात अशी जड पांघरुणे मुद्दाम विकत घेतात, अंगावर वजन आले की अशा मुलांना शांत वाटते. यशोधराला हे कोणी सांगितले नव्हते. वाकळ वासाच्या पावडरने धुऊ नये. फाटली तर टाकू नये, वरून नवे कापड लावावे.

५. कल्याणीचे बोलणे समजून घेण्याबाबत.

आमच्याकडे माणूस भेटले की पहिला प्रश्न ‘जेवला का?’ कल्याणी सहाव्या वर्षी बोलायला लागली आणि तिचे पहिले पूर्ण वाक्य हेच होते. दिवसातून कधीही, समोर कोणी असले की विचारायची, “जेवला का?” पाहुणे खूश व्हायचे. “लई वळण लावलंय पोरीला,” म्हणायचे, आणि “जेवलो गं बाई” म्हणून तिच्या गालाला हात लावायचे. त्यावर ती स्वतःच्या मनगटाला चावा घेऊन जमिनीवर लोळायची. दोन वर्षे आम्ही हे पाहिले आणि कारण शोधत राहिलो.

एक दिवस ठकूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी हे पाहिले आणि म्हणाल्या, “आरं टेलर, ती तुला न्हाई इचारीत. तिलाच भूक लागलीया.”

त्यांनी आपली भाकरी मोडून पुढे केली. कल्याणी मांडी घालून मुकाट्याने जेवली. हे शब्द बोलले की ताट येते, एवढे तिने बरोबर पाहिले होते. दोन वर्षे माझी मुलगी भूक लागली म्हणून सांगत होती, आणि आम्ही तिला आमचे पोट भरल्याचे सांगत होतो.

म्हणून पालकाने तिच्या वाक्याला उत्तर देण्याआधी, ते वाक्य तिने कुठे आणि कधी ऐकले असेल ते आठवावे. अर्थ तिथे सापडतो.

शाळेतून येताना ती आमच्या गावच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकडीकडे पाहत रस्त्यात थांबते. तबकडी फिरत असेल तर ती थांबेपर्यंत कल्याणी हलत नाही. हात धरून ओढू नये. आपणही बघावे. उशीर होतो, पण फार होत नाही.

६. हे कलम वकीलसाहेबांनी वगळायला सांगितले होते.

माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातील देवांचे टाक ओढ्यात सोडले आणि अंगारा-धुपारा पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. मी रोज त्रिशरण-पंचशील म्हणतो. तरी कल्याणी पाच वर्षांची असताना, कोणी सांगितले म्हणून, मी तिला घेऊन तळेघरच्या वरच्या अंगाला एका भगताकडे गेलो. यशोधराला सांगितले की लग्नाची मापे घ्यायला जातो. एस.टी. थोडीच, पुढचे सगळे चालणे. कल्याणी खांद्यावर बसून आनंदात होती. भगताने तिला धुरात धरले. ती ओरडली तेव्हा तो म्हणाला, “बघा, बाहेर पडतंय.” आणि मी तिचे पाय धरून ठेवले.

परत आल्यावर तीन आठवडे तिने मला अंगाला हात लावू दिला नाही. यशोधराला मी हे शेवटपर्यंत सांगितले नाही. विहारात बसलो की आजही डोळ्यांपुढे माझे हातच येतात.

कोणीही, कितीही मायेने सांगितले, तरी कल्याणीला गंडा, दोरा, धूर, उपास, किंवा ‘महिन्यात बरी करतो’ म्हणणाऱ्याचे औषध देऊ नये. तिला बरे करायचे नाही. तिला बरे वाटेल असे करायचे आहे.

७. तब्येतीबाबत. तिला दुखले तर ती सांगत नाही. जास्त फेऱ्या मारते, नाहीतर जेवणात फक्त भात मागते. तसे दिसले की आधी दात, मग कान, मग पोट, या क्रमाने दाखवावे. दवाखान्यात सकाळचा पहिला नंबर घ्यावा, कानांवर आवाज अडवणारे निळे मफ घालावेत, आणि डॉक्टर काय करणार ते आधी बाहुलीवर करून दाखवावे. मागच्या वर्षी तिला पाळी आली. मी बाप, घरात दुसरी बाई नाही. ठकूबाईंनी महिनाभर रोज येऊन शिकवले, मी मऊ सुती घड्या शिवल्या, आणि कशानंतर काय करायचे त्याची पाच चित्रे भिंतीवर चिकटवली. आता ती सगळे स्वतः करते. ती चित्रे लाज वाटून कोणी काढू नयेत.

८. पालकाची नेमणूक.

माझा धाकटा भाऊ रुपेश मंचरला मोटर वायंडिंगचा व्यवसाय करतो. सात वर्षांपूर्वी त्याने तिथे घर बांधले. गृहप्रवेशाला आम्ही तिघे गेलो. लाउडस्पीकर सुरू झाला आणि कल्याणी कान दाबून किंचाळू लागली. रुपेश मला म्हणाला, “दादा, हिला घेऊन जा राव. लोक बघत्यात.” आम्ही न जेवता निघालो. यशोधरा मरेपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. स्पीकर बंद करायला एक बटण होते. हा राग खरा आहे म्हणून इथे नोंदवतो, पण तो मी कोणाच्या नावे करत नाही.

ऑपरेशन ठरल्यावर मी नातेवाइकांना एकेक करून विचारले की माझ्यामागे कल्याणीला कोण बघेल. सर्वांचे एकच उत्तर, “आमी हायेत ना! तू नको काळजी करू.” ती किती वाजता झोपते, हे एकानेही विचारले नाही.

रुपेशला मी विचारलेच नव्हते. त्याला दुसरीकडून कळले आणि तो दुकानात येऊन उभा राहिला. म्हणाला, “दादा, मला नाय जमायचं.”

मी म्हणालो, “तुला इचारलंय कुणी?”

“न्हाई इचारलं, म्हणून तर आलो. मला येत नाय ते. पण शिकव की. वायंडिंग तरी मला कुठं येत व्हती?”

गेले चार महिने तो दर रविवारी येतो. पहिल्या रविवारी “दोन मिनिटांत येतो” म्हणून कुंडलिकच्या टपरीवर गेला. कल्याणी भिंतीवरचे घड्याळ काढून मांडीवर घेऊन दारात बसली. तिसऱ्या मिनिटाला तिने जी किंकाळी फोडली, ती टपरीपर्यंत ऐकू गेली. रुपेश धावत आला, “दादा, ही तर हजेरी घेती!” आता तो ‘सव्वासहाला येतो’ म्हणतो आणि सव्वासहाला येतो. त्याची पत्नी करुणा हिने लगेच हो म्हटले नाही. महिनाभर इथे राहून पाहिले, मग हो म्हटले. दोघांनी खोडदलाच राहायचे आणि रुपेशने मंचरला मोटरसायकलने जाऊन येऊन करायचे, असे ठरले आहे.

म्हणून मी रुपेश गेणू भालेराव याला कल्याणीचा पालक नेमतो. ती अठरा वर्षांची झाली की त्याने जिल्ह्याच्या समितीकडे पुढील पालकत्वासाठी अर्ज करावा. कधी झेपेनासे झाले तर लपवू नये, खरात गुरुजींना सांगावे. त्यात कमीपणा नाही.

९. माझा मृत्यू झाल्यास कल्याणीला कसे सांगावे.

यशोधराच्या वेळी जमलेल्या बायांनी कल्याणीला जवळ घेऊन सांगितले, “आई गेली गं.” तिने विचारले, “कधी येणार?” कोणी डोळे पुसत म्हणाले, “लांबच्या गावाला गेली.” तिने विचारले, “कोणत्या गाडीनं?” कोणाला काय सुचले कोण जाणे, म्हणाले, “नारायणगावच्या.”

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या नारायणगावच्या गाडीला ती थांब्यावर उभी राहू लागली. उतरणाऱ्या प्रत्येक बाईचे तोंड बघायची. गाडी निघून गेली की घरी यायची. चौदा महिने हे चालले. मी तिच्या शेजारी उभा राहायचो, पण मला तो शब्द उच्चारता येत नव्हता. मग एक दिवस थांब्यावरच सांगितले, “आई मेली. मेलेलं माणूस येत नाही.” तिने तीनदा विचारले, मी तीनदा तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी ती थांब्यावर गेली नाही. त्या रात्री बऱ्याच महिन्यांनी सलग झोपली.

तरी माझ्याबाबत तिच्यासमोर कोणीही ‘गेले’, ‘शांत झाले’, ‘सोडून गेले’, ‘झोपले’ असे म्हणू नये. रुपेशनेच सांगावे, आणि एवढेच सांगावे, “पप्पा मेले. येणार नाहीत. जेवण आठ वाजता.” आणि आठ वाजता ताट वाढावे, घरात कितीही माणसे बसलेली असोत.

काल कल्याणी शाळेत असताना मी रुपेशला दुकानात बोलावून समोर बसवले. म्हणालो, “मी कल्याणी हाये असं समज. पप्पा कुठं?”

तो म्हणाला, “दादा, काय बोलाया लावतो राव. समोर बसलाय धडधाकट.”

“पप्पा कुठं?”

“पप्पा आता आपल्यात...”

“चूक.”

तो उठला, माठातले पाणी प्यायला, परत येऊन बसला. “तुझं ऑपरेशन हाये का माझं?” म्हणून हसायला गेला, पण हसू आले नाही. मग म्हणाला, “पप्पा मेले. येणार नाहीत. जेवण आठ वाजता.”

मी पुन्हा विचारले. त्याने पुन्हा सांगितले.

मी तिसऱ्यांदा विचारले, “पप्पा कुठं?” रुपेशच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते न पुसता, माझ्यावरची नजर न काढता, त्याने तेच शब्द त्याच क्रमाने सावकाश सांगितले.

त्यानंतरच मी वरील कलम आठमध्ये त्याचे नाव लिहिले. तोपर्यंत ती जागा कोरी होती.

हे सर्व मी पुन्हा वाचून पाहिले आहे. मला मान्य आहे, म्हणून सही करत आहे.

ठिकाण : खोडद
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५, माघ पौर्णिमा

(सही) चांगदेव गेणू भालेराव

चांगदेव भालेराव यांनी आम्हा दोघांच्या देखत, बोलता-चालता, स्वतःच्या हाताने वरील सही केली. आम्हीही त्यांच्या देखत व एकमेकांच्या देखत सह्या केल्या. या कागदातून आम्हाला काहीही मिळणार नाही.

साक्षीदार :
१. (सही) भगवंत सावळाराम थोरात, शेती, रा. खोडद
२. (सही) रामदास कुशाबा रोकडे, निवृत्त पोस्टमन, रा. खोडद